तिरकं जायचं नाही

बोलोन्यातला लोरिस वेंतुरोली हा नाकासमोर चालणारा माणूस. विमा कंपनीत तीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसून त्याने कोणाचं वाकडं केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणाचं फारसं सरळही केलं नव्हतं. मात्र शहराच्या मोठ्या चौकात, पिआत्सा माज्जोरेत, पाय ठेवला की या माणसाचं नाक एकीकडे आणि पाय भलतीकडे जात. चौकाच्या मधोमध वीतभर उंचीचा, पाहिजे तेवढा प्रशस्त दगडी ओटा आहे. सारं शहर त्यावरून वाटेल तसं चालतं. लोरिस मात्र भिंतीभिंतीने, कमानीकमानीने, चर्चच्या पायऱ्यांना घासून जायचा. पाऊस असो, ऊन असो, दोन्ही हातांत टरबुजं असोत, त्याचा रस्ता ठरलेला होता.

कारण साधं होतं. या शहरात विद्यापीठात नाव घातलेल्या माणसाने पदवी मिळेपर्यंत त्या ओट्यावरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं जायचं नाही. गेला की पदवी गेली. हा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडण्याची सोयही नाही. पोरं चार-पाच वर्षं वळसे घालतात, मग एके दिवशी तमालपत्रासारख्या हिरव्या पानांचा मुकुट डोक्यावर चढवतात, घरच्यांसमोर म्हणता येणार नाहीत अशी गाणी घरच्यांसमोरच म्हणतात, ओट्यावरून तिरकी धावत सुटतात आणि विषय संपतो. लोरिसने कायद्याला नाव घातलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आता तो छप्पन्न वर्षांचा होता आणि विषय संपलेला नव्हता.

छप्पन्नाव्या वर्षी विद्यार्थी असणं हा काही गुन्हा नाही. गुन्हा असलाच तर तो हा, की ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. चष्मा लावणाऱ्या, टाय बांधणाऱ्या आणि हळू बोलणाऱ्या माणसाला इथले लोक आपणहून ‘दोत्तोरे’ म्हणून मोकळे होतात, म्हणजे पदवीधर साहेब. लोरिस चष्मा लावायचा, टाय बांधायचा, आणि तक्रारींच्या टेबलावर हळू बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. ओरिएत्ताच्या घरी तो पहिल्यांदा जेवायला गेला, तेव्हा तिच्या आईने “दोत्तोरेंना अजून वाढ गं” म्हणत तोर्तेल्लिनीचा डाव त्याच्या वाडग्यात रिकामा केला. लोरिसच्या तोंडात घास होता. तो गिळून “नाही हो, चार पेपर राहिलेत” असं म्हणेपर्यंत बोलणं लग्नाच्या तारखेवर गेलं होतं. मग सांगायचं राहून गेलं. आठवडाभर राहिलं, वर्षभर राहिलं, आणि बघता बघता एकतीस वर्षं राहिलं.

लोकांचे नवरे चोरून भलत्याच ठिकाणी जातात. लोरिस चोरून रोमन कायद्याच्या पेपरला जायचा. घरी सांगायचा, दाताला जातो. लग्न झाल्यापासून तो सतरा वेळा दाताला गेला होता. चार पेपर आणि सतरा फेऱ्या, यावरून त्याच्या अभ्यासाची कल्पना यावी. पण पेपर सुटले. मग दोन वर्षं ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने प्रबंधही लिहिला. विषय होता, दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्याचा हक्क. तो हक्क कसा मिळतो, कसा टिकतो आणि कसा बुडतो, हे त्याने दोनशे चाळीस पानांत सांगितलं होतं.

आता फक्त एक सकाळ उरली होती. मार्चमधल्या एका गुरुवारी साडेदहाच्या आत विद्यापीठात सही करायची, मग पाच प्राध्यापकांसमोर उभं राहून प्रबंधावर बोलायचं. सही झाली नाही तर नाव पुढच्या सत्रात. आणि पुढचं सत्र लोरिसच्या नशिबात नव्हतं, कारण त्याचे मार्गदर्शक एप्रिलमध्ये निवृत्त होत होते. हा विद्यार्थी सांभाळायला दुसरं कोणी तयार नव्हतं. त्यात विद्यार्थ्यापेक्षा वयाने लहान असण्याचा संकोच होता, असं लोरिसचं म्हणणं होतं. म्हणजे हा गुरुवार हुकला की सदतीस वर्षं पाण्यात.

या वेळी एक चूक झाली. नेहमी तो नुसतं “दाताला जातो” म्हणायचा. या खेपेला प्रसंग मोठा म्हणून कारणही मोठं हवं, असं वाटून तो म्हणाला, “गुरुवारी दाढ काढायचीय.”

ओरिएत्ता ही शाळेत ग्रंथालय सांभाळणारी, कमी बोलणारी बाई. तिने फक्त मान हलवली. पण जिन्यात तिने ही बातमी पहिल्या मजल्यावरच्या चेझिराबाईंना दिली. चेझिराबाई एकट्या राहत, त्यांना वेळ भरपूर होता आणि त्यांच्या घराण्यात सगळे आजार होऊन गेले होते. त्या संध्याकाळीच वर आल्या.

“वरची का खालची?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“वरची,” लोरिस म्हणाला.

“अरेरे! वरचीचं मूळ डोळ्यापर्यंत जातं. माझ्या दिराची काढली, तेव्हापासून तो डावीकडे बघूनच बोलतो. समोर आपण उभं असलो तरी डावीकडे.”

“म्हणजे, खालची.”

“खालची?” चेझिराबाई खुर्चीवर बसल्या. “खालचीची शीर हृदयाला. आता मी काही बोलत नाही बाई.” आणि त्या पाऊण तास बोलल्या.

परिणाम असा झाला, की सोमवारपासून लोरिसला चावायची वस्तू मिळेना. चेझिराबाई सकाळ-संध्याकाळ कोंबडीचं पातळ सूप पाठवत. ओरिएत्ताने घरातला मोर्तादेल्ला सॉसेजचा तुकडा फडताळाच्या वरच्या खणात ठेवला, तिथे लोरिसचा हात पोचत नसे. ऑफिसातही बातमी गेली आणि सहकाऱ्यांनी एकाच्या वाढदिवसाचा केक त्याच्यासमोर, त्याच्याबद्दल हळहळत खाल्ला. रोमन कायद्याने त्याला दिला नाही एवढा त्रास या दाढेने दिला. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेला तो माणूस चार दिवस उपाशी होता.

बुधवारी रात्री ओरिएत्ता म्हणाली, “मी उद्या रजा घेतलीय. तुझ्याबरोबर येते.”

“कशाला?”

“भूल देतील. चक्कर आली म्हणजे?”

“अगं, डॉक्टर बरोबरच्या माणसांना आत घेत नाहीत.”

“का?”

“जागा लहान आहे.”

“मग मी बाहेर बसेन,” ओरिएत्ता म्हणाली. लोरिसने मनात ठरवलं, की चौकाच्या पलीकडच्या कॉफीच्या दुकानात तिला बसवायचं, तिच्यापुढे कॉफी आणि मासिक ठेवायचं आणि तासाभराने पदवीधर होऊन परत यायचं.

गुरुवारी तो सूट घालून निघाला. दाढ काढायला टाय कशाला, या प्रश्नावर त्याने माणसाने कुठेही व्यवस्थित जावं असं सांगितलं. जिन्यात चेझिराबाई लोकरी मफलर घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी तो त्याच्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारून बांधला. “सोडू नकोस हं, वारा लागला की संपलं,” असं म्हणत त्यांनी गाठीवर दुसरी गाठ मारली. यात दहा मिनिटं गेली.

दहा वाजून सोळा मिनिटांनी नवराबायको चौकाच्या कोपऱ्यावर आली आणि लोरिसचे पाय जागीच थिजले.

चर्चच्या पायऱ्यांकडची फरशी उकरून ठेवली होती. समोरच्या वाड्याच्या बाजूला परांची उभी होती. भिंतीभिंतीने जायची जी जी वाट लोरिस सदतीस वर्षं वापरत होता, ती प्रत्येक वाट आडव्या फळ्यांनी बंद केली होती. मोकळी होती ती एकच. मधल्या ओट्यावरून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना नारिंगी जाळी लावलेली आणि वर पाटी, ‘पादचाऱ्यांसाठी’. भूमितीच्या पुस्तकातही इतकी तिरकी रेघ नसेल.

फळ्यांपाशी सात-आठ म्हातारे, हात पाठीमागे बांधून, ओळीने उभे होते. खणलेलं काही दिसलं की हे लोक जमतात. गावात त्यांना उमारेल म्हणतात. सगळे निवृत्त, सगळे काम बघायला आलेले, आणि काम चुकीचं चाललंय यावर सगळ्यांचं एकमत.

“तू पुढे हो,” लोरिस बायकोला म्हणाला.

“नाही, तू पुढे हो,” ओरिएत्ता म्हणाली.

“अगं, बायकांनी आधी.”

“आजारी माणसाने आधी.”

“मी काही एवढा आजारी नाही.”

“मग मीही काही एवढी बाई नाही. हो पुढे.”

दोघंही तसूभर हलली नाहीत. उमारेल मंडळींनी खड्ड्याकडे पाठ करून तोंडं इकडे वळवली. त्यांचा म्होरक्या लेआर्को, वय एकोणऐंशी, चाळीस वर्षं शहरात बस चालवलेला, पुढे आला. “काय दोत्तोरे, वाट दिसत नाही का? मी सकाळपासून बघतोय, झकास लावलीय. जाळी फक्त तीन बोटं डावीकडे हवी होती.”

“चर्चच्या मागून जाता येईल ना हो?” लोरिसने विचारलं.

“मागच्या गल्लीत गर्डरचा ट्रक अडकलाय. जाऊन बघून आलो. असा सुरेख अडकलाय म्हणून सांगू! आता पार न्यायालयाच्या चौकापर्यंत खाली जायचं आणि मग वर यायचं. तुमच्या पायांनी पस्तीस मिनिटं. माझ्या पायांनी तीस.”

लोरिसने घड्याळ बघितलं. दहा एकोणीस. मागे जावं तर सही बुडते. पुढे जावं तर सही होईल, पण तिचा उपयोग व्हायचा नाही. छप्पन्न वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, विम्याच्या धंद्यात मुरलेल्या माणसाचा यावर खरंच विश्वास होता का? नव्हता. पण आजची सकाळ हा अविश्वास तपासून बघायची वेळ नव्हे, एवढं त्याला कळत होतं.

“ओरिएत्ता,” तो म्हणाला, “मला दाढ काढायची नाहीये.”

“मग?”

“पदवी घ्यायचीय.”

“कोणाची?”

“माझी. कायद्याची. साडेदहाला सही आहे. तुझ्या आईने वाढलं तेव्हा तोंडात घास होता गं, नाहीतर मी तेव्हाच...” मफलरमुळे जबडा नीट उघडत नव्हता.

लोरिसला वाटलं, आता ही ओरडेल किंवा रडेल किंवा सरळ माहेरच्या गावाला निघून जाईल. ती यातलं काहीच करेना.

“म्हणजे इतकी वर्षं तू कडेकडेने जायचास,” ती सावकाश म्हणाली, “ते यासाठी?”

“हो.”

“मला वाटायचं...”

“काय वाटायचं?”

“काही नाही. साडेदहा वाजतील.”

लोरिसला भरून आलं. एकतीस वर्षं ही बाई त्याच्याबरोबर भिंतीभिंतीने चालली होती. उंच टाचांचे बूट घालून, भाजीच्या पिशव्या घेऊन, एकदा तर मोडलेल्या पायाने. का म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं. आपल्याला अशी बायको मिळावी असं आपण काय केलं होतं, हे त्याला आठवेना.

“थांबा थांबा,” लेआर्को म्हणाला. “म्हणजे तुम्ही दोत्तोरे नाही?”

ही बातमी ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दुसऱ्या टोकाचा म्हातारा ऐकून म्हणाला, “आणि मी दहा वर्षं यांना टोपी काढून नमस्कार करतोय!” तो खरोखर दुखावला होता. लोरिसने खाली फरशीकडे बघितलं. फरशी सैल होती.

पण समोर अडचणीतला माणूस आणि हाताशी मोकळा वेळ असला, की उमारेल लोकांचा राग टिकत नाही. सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, उलटं चालत जा, म्हणजे ते जाणं नव्हे, येणं झालं. दुसरा म्हणाला, डोळे मिटा. तिसरा म्हणाला, विद्यापीठालाच इकडे बोलवा. सगळं ऐकून घेऊन लेआर्कोने बोट वर केलं.

“ओट्याला पाय लागायचा नाही, असंच आहे ना? मग पाय लावूच नका.” आणि त्याने फरश्या वाहायच्या हातगाडीकडे बोट दाखवलं.

कामावरचा मुकादम सबातिनो, दक्षिणेतला, आवेल्लिनोकडचा, जाडजूड मिशांचा माणूस. त्याने दोन्ही हात हलवले. “गाडीवर माणूस न्यायचा नाही. माणसाचा विमा नाही.”

तीस वर्षांत पहिल्यांदाच लोरिस मोठ्याने बोलला. “मालाचा आहे?”

“मालाचा आहे.”

“मग मला माल म्हणून न्या. कामाच्या जागी हाताने वाहून न्यायची कोणतीही वस्तू म्हणजे माल. ती जिवंत नसावी असं पॉलिसीत कुठेही म्हटलेलं नाही. मी ते कलम रोज वाचतो.”

“पण का? तुम्हाला चालता येत नाही?”

लेआर्कोने थोडक्यात सांगितलं. सबातिनोचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्याने खिशात हात घालून किल्ल्यांच्या लोखंडाला स्पर्श केला, इकडे अपशकुन टाळायला लोखंडाला हात लावतात तसा. “हे आधी नाही का सांगायचं!” तो म्हणाला. “मला वाटलं, काहीतरी वेडेपणा चाललाय.”

तरी पावती फाडावीच लागणार होती. पावतीशिवाय चौकातून काही हलवायचं नाही, असा वरचा हुकूम होता. सबातिनोने पेन्सिल जिभेला लावली. “नग एक. वजन?”

“ब्याऐंशी,” लोरिस म्हणाला.

“शहाऐंशी,” ओरिएत्ता म्हणाली.

“चार दिवस सूप पितोय मी. ब्याऐंशी.”

“नाजूक?”

“हो,” ओरिएत्ताच म्हणाली. सबातिनोने तांबडा शिक्का मारून पावती लोरिसच्या कोटाच्या खिशाला टाचली.

लोरिस गाडीवर चढला, फरश्यांच्या थप्पीला टेकून बसला आणि त्याने गुडघे पोटाशी घेतले. “ये, तूही बस,” तो बायकोला म्हणाला.

“नको. तू हो पुढे. मी वळसा घालून येते.”

“अगं पण, तुला कोणी अडवलंय? ओट्यावरून सरळ चालत ये ना!”

“मला जरा पाय मोकळे करायचेत,” असं म्हणून ओरिएत्ता वळली आणि न्यायालयाच्या दिशेने भराभर चालू लागली. बायकांना नको त्या वेळी पाय मोकळे करायचे असतात, असा विचार लोरिसच्या मनात आला. पण गाडी हलली होती.

मिरवणूक निघाली. पुढे लेआर्को, बस मागे घेताना करतात तसे हात करत. मागे सबातिनो गाडी ढकलत. दोन्ही बाजूंना, जाळीच्या बाहेरून, उमारेल. मध्ये सूट, टाय, मफलर आणि तांबड्या शिक्क्याची पावती ल्यालेला लोरिस. बरोब्बर ओट्याच्या मधोमध चाक फटीत अडकलं. गाडी कलली, लोरिसचा डावा बूट खाली सरकला, आणि आठ म्हातारे एकसुरात ओरडले, “पाय वर!” त्याने पाय इतका वर घेतला, की पुढचे दोन दिवस तो पूर्ण खाली आला नाही. परदेशी पाहुण्यांनी हा काहीतरी जुना उत्सव असावा असं समजून फोटो काढले. एका बाईने टाळ्याही वाजवल्या.

तेवढ्यात कमानींखालून हाक आली. “मादोन्ना! लोरिस! दाढेने पायही गेले का रे?” चेझिराबाई बाजाराला निघाल्या होत्या. एरवी त्या या बाजूला गुरुवारी येत नाहीत. “मी म्हटलं होतं, खालचीची शीर फार लांब जाते!” लोरिसने डोळे मिटून घेतले. माणसाची अब्रू जाते म्हणजे नेमकं कुठे जाते, हे आता त्याला कळलं. कमानींखाली, चेझिराबाईंकडे.

चाक निघालं. पलीकडच्या कोपऱ्यात गाडी थांबली, लोरिसने उडी मारली आणि छप्पन्न वर्षांचा माणूस धावू शकतो तितका तो धावला. दहा एकोणतीसला सही झाली. हजेरीची बाई त्याला म्हणाली, “पालकांनी पलीकडच्या दालनात बसायचं.” त्याने ओळखपत्र दाखवलं, तेव्हा तिने ते दोनदा वाचलं.

पाच प्राध्यापक बसले होते. मधल्याने विचारलं, “दात दुखतोय का?” लोरिस म्हणाला, “नाही, गाठ सुटत नाहीये.” मग त्यांनी प्रबंधाची पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला. एखाद्याला दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क आहे, पण तो वीस वर्षं त्या वाटेने गेलाच नाही, तर काय होतं?

“हक्क बुडतो,” लोरिस म्हणाला.

“का?”

याचं पुस्तकातलं उत्तर त्याला पाठ होतं. पण तो म्हणाला, “कारण वळसा घालायची सवय लागते, सर. मग वाट मोकळी झाली तरी माणूस वळसाच घालतो.” प्राध्यापकांनी एकमेकांकडे बघितलं. एकशेदहापैकी ब्याऐंशी गुण मिळाले. गाडीवरचा माल म्हणून आणि पदवीधर म्हणून त्याचा आकडा एकच निघाला.

बाहेरच्या अंगणात बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांच्या गळ्यात आया पडत होत्या, बाप डोळे पुसत होते, मित्र गाणी म्हणत होते. लोरिस एका खांबाजवळ उभा राहिला. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. सदतीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता आणि त्याला तो सांगायला कोणी सापडेना. आधी त्याला वाईट वाटलं, मग राग आला. एकतीस वर्षं माझ्याबरोबर वळसे घातले, आणि आजच नेमके पाय मोकळे करायचे होते? ओट्यावरून आली असती तर दोन मिनिटांत आली असती. तो स्वतःशी एक चांगलं बोचरं वाक्य जुळवत होता, तेव्हा फाटकातून ओरिएत्ता आली. चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले, एका बुटाची टाच हातात, आणि दुसऱ्या हातात पानांचा हिरवा मुकुट.

“झालं?” तिने धापा टाकत विचारलं.

“झालं.”

“सगळं?”

“ब्याऐंशी.”

तिने मफलरची गाठ दातांनी सोडवली, मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला, थोडा तिरका झाला होता तो सरळ केला, आणि ती रडली. लोरिसचं वाक्य तोंडातच राहिलं. पण ती वेळेवर आली नाही याचा डंख गेला नव्हता.

दोघं चौकाशी परत आली, तेव्हा म्हातारे तिथेच होते. लोरिसला बघून त्यांनी पाठीमागचे हात पुढे आणले आणि टाळ्या वाजवल्या. सकाळचा दुखावलेला म्हातारा पुढे आला आणि त्याने टोपी काढली. “आता खरे, दोत्तोरे.” लेआर्को म्हणाला, “चला, या! पायांनी या, बघू द्या आम्हाला. दुपारनंतर ही जाळी काढतायत, मग दोन आठवडे ओटाही बंद.”

समोर ती नारिंगी वाट होती. लोरिसने चष्मा पुसला. त्याला सगळं एकदम दिसलं, वळसे, कमानी, पायऱ्या, टरबुजं, पाऊस. त्याने ओरिएत्ताचा हात धरला, “चल” म्हणाला, आणि पाऊल उचललं. हात मागेच राहिला.

“तू जा,” ओरिएत्ता म्हणाली. “मी इथून बघते.”

“इथून काय बघायचंय? अगं, सुटलो आपण!”

“तू सुटलास.” ती तुटलेल्या टाचेकडे बघत होती. “मी साहित्याला नाव घातलं होतं. तुझी माझी ओळख व्हायच्या आधी. शाळेत लागले तेव्हा सगळे आपोआप दोत्तोरेस्सा म्हणायला लागले. तूही म्हणायचास, आठवतं? कौतुकाने. मग सांगायचं राहिलं.”

लोरिसचं उचललेलं पाऊल अजून हवेतच होतं. “म्हणजे इतकी वर्षं तू माझ्यासाठी कडेने चालत होतीस ते...”

“मला वाटायचं, तू माझ्यासाठी चालतोस,” ओरिएत्ता म्हणाली. “मला वाटायचं, याला कळलंय, आणि हा बिचारा कधी बोलून दाखवत नाही. किती चांगला नवरा आहे, असं वाटायचं मला. आज सकाळी कळलं, की तू तुझ्यासाठीच चालत होतास. वाईट वाटलं मला, लोरिस. म्हणून पळाले इथून. तुझ्या वेळेला पोचले नाही.”

उमारेल खड्डा विसरून दोन पावलं जवळ सरकले.

“किती राहिलेत?” लोरिसने विचारलं.

“अकरा.”

“अकरा!”

“लॅटिन धरून.”

लोरिसने वाटेकडे बघितलं. ती वाट त्याची होती. या शहरात त्याला आता कोणी अडवू शकत नव्हतं. त्याला ती ओलांडायची होती, फार ओलांडायची होती, आणि हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं, की लेआर्कोने नजर खड्ड्याकडे वळवली. मग लोरिसने पाऊल खाली ठेवलं. ओट्यावर नाही, अलीकडे.

“दोत्तोरे, वाट इकडे आहे!” मागून हाक आली. लोरिसने हात वर करून ऐकलं असं दाखवलं आणि तो न्यायालयाच्या रस्त्याला लागला. ओरिएत्ता त्याच्या बाजूने लंगडत चालू लागली.

“तुला जायचं होतं ना तिथून?” तिने विचारलं.

“होतं.”

“मग जायचं होतंस. अकरा पेपर आहेत, लोरिस. म्हातारी होईन मी.”

“होऊ की,” लोरिस म्हणाला. “दोघंही होऊ. हात धर माझा, इथे उतार आहे.”